चाऱ्यातलं टॅनिन आणि प्रथिनांचं पचन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पडायला लागल्या की हे प्रश्न यायला सुरुवात होते, आणि पेंडीचे भाव चढले की त्यांची संख्या दुप्पट होते. बहुतेक शेळीपालकांचे असतात, काही गायीवाल्यांचे, थोडे कोंबडीवाल्यांचे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. टॅनिन म्हणजे नेमकं काय? ते ओळखायचं कसं?

हिरडा चावला, कच्चं केळं खाल्लं किंवा काजूचं बोंड चोखलं की जीभ आखडल्यासारखी होते. ती तुरट चव बहुतेक वेळा टॅनिनची असते. लाळेतली प्रथिनं टॅनिन धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. चाऱ्यात जे होतं त्याची ही छोटी आवृत्ती समजा.

बाभळीच्या आणि तरवडाच्या सालीनं कातडी कमावतात तीही याच गुणावर. कातड्यातल्या प्रथिनाला टॅनिन घट्ट चिकटतं, मग जंतूंना ते कुजवता येत नाही. कच्चं कातडं चार दिवसांत नासतं आणि कमावलेली चप्पल वर्षानुवर्षं टिकते. हे चित्र लक्षात ठेवलंत तर पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतील.

टॅनिनचे दोन मोठे गट आहेत. एक संघनित टॅनिन, जे पोटात सहसा तुटत नाही. दुसरं जलविघटनी टॅनिन, जे तुटून गॅलिक आम्लासारखे छोटे पदार्थ देतं. हिरड्यात मुख्यतः दुसरा गट आढळतो, बाभळीत दोन्ही. हा फरक कामाला येतो तो विषबाधेच्या प्रश्नात (प्रश्न १३).

२. ते प्रथिनांचं पचन कसं अडवतं?

जनावर पाला चावतं तेव्हा पानाच्या पेशी फुटतात. तोवर वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलं टॅनिन आणि प्रथिन एकत्र येतात आणि जोडले जातात. कोटीपोटाचा (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटाचा) सामू (आंबटपणाचा आकडा, म्हणजे pH; जितका कमी तितका आंबट) ६ ते ७ च्या आसपास असतो आणि त्या सामूला ही जोडी पक्की राहते. तिथल्या जिवाणूंना ते प्रथिन फोडता येत नाही.

पुढे चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, सामू ३ च्याही खाली उतरतो आणि जोडी सुटू लागते. १९७७ साली सेनफॉइन नावाच्या परदेशी चारापिकाच्या टॅनिनवर झालेल्या कामात हे नीट दाखवलं गेलं : साधारण साडेतीन ते सात सामूला बंध टिकतो, त्याखाली सुटतो. सुटलेलं प्रथिन मग लहान आतड्यात पचतं.

म्हणजे ‘अडवतं’ हा शब्द अर्धाच खरा आहे. कोटीपोटात अडवतं, पुढे सोडतं. गडबड होते ती टॅनिन जास्त असेल तेव्हा. मोकळं राहिलेलं टॅनिन पाचक रसांना चिकटतं, आतड्याच्या अस्तरातल्या प्रथिनांना चिकटतं, चोथा पचवणाऱ्या जिवाणूंनाही दाबतं. शिवाय काही झाडांचं टॅनिन जठरातही पूर्ण सुटत नाही. मग ते प्रथिन लेंड्यांतून बाहेर पडतं.

३. मग माझ्या शेळ्या दिवसभर बाभळीला तोंड लावतात, त्यांना काही कसं होत नाही?

कारण शेळी एकाच झाडाला चिकटून बसत नाही. मोकळी सोडलेली उस्मानाबादी शेळी एका फेरीत बोर, बाभूळ, निंब, हिवर, बांधावरचं गवत असं दहा ठिकाणी तोंड मारते. प्रत्येकाचं टॅनिन वेगळं, एकूण मात्रा पातळ. पाल्यावर जगणाऱ्या जनावरांच्या लाळेबद्दलही बरंच लिहिलं गेलं आहे. हरणांसारख्या काही प्राण्यांच्या लाळेत टॅनिनला आधीच पकडून ठेवणारी प्रथिनं असतात, त्यामुळे चाऱ्यातलं प्रथिन वाचतं. आणि जिवाणू : ऑस्ट्रेलियातल्या मल्गा नावाच्या बाभूळवर्गीय झाडावर जगणाऱ्या रानटी शेळ्यांच्या कोटीपोटातून १९९० च्या दशकात टॅनिन सहन करणारा जिवाणू वेगळा काढण्यात आला.

पण हीच शेळी गोठ्यात बांधली आणि रोज एकाच झाडाचे डहाळे टाकले, तर हिशेब बदलतो. बंदिस्त शेळीपालनात टॅनिनच्या तक्रारी जास्त येतात त्याचं हेच कारण. दोष बाभळीच्या माथी मारला जातो, खरी चूक निवड काढून घेतल्याची असते.

गायी आणि मेंढ्या शेळीइतकं टॅनिन सोसत नाहीत. शेळीला चाललं ते कालवडीला चालेल असं धरू नका.

४. किती टक्के टॅनिन चालतं?

नेहमी सांगितला जातो तो आकडा न्यूझीलंडमधल्या मेंढ्यांवरच्या कामातून आला आहे. लोटस नावाच्या चारापिकात कोरड्या वजनाच्या २ ते ४ टक्के संघनित टॅनिन असेल तर फायदा दिसला, ५ च्या पुढे गेलं की खाणं कमी झालं, पचन घटलं. अंदाजासाठी आकडा चांगला आहे, पण तो एका पिकाचा आहे. प्रत्येक झाडाचं टॅनिन सारख्याच जोरानं प्रथिन धरत नाही. लोटसच्याच दोन जाती घेतल्या तरी परिणाम वेगळे दिसतात.

दुसरी अडचण मोजणीची. एक प्रयोगशाळा टॅनिक आम्लाच्या तुलनेत आकडा देते, दुसरी वेगळ्या प्रमाणाच्या तुलनेत. दोन कागदांवरचे टक्के शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे पायली आणि किलोची बेरीज करणं.

५. बाभळीच्या शेंगा किती द्याव्यात? तशाच की भरडून?

एक हिशेब करून दाखवतो. तीस किलोची शेळी दिवसाला साधारण एक किलो किंवा थोडं जास्त कोरडं खाद्य खाते. समजा शेंगांमध्ये १२ टक्के टॅनिन आहे. पाव किलो शेंगा दिल्या तर ३० ग्रॅम टॅनिन, म्हणजे एकूण खाद्याच्या ३ टक्के. अर्धा किलो दिल्या तर ६० ग्रॅम, म्हणजे ६ टक्के. पहिला आकडा चालून जातो, दुसरा नाही. म्हणून मोठ्या शेळीला रोज २०० ग्रॅमच्या आसपास थांबावं, आणि सुरुवात मूठभर शेंगांपासून करून आठ-दहा दिवसांत वाढवावी.

भरडण्याबद्दल मात्र मतं दोन टोकांची ऐकू येतात. बी कठीण असतं. शेळी काही बिया रवंथ करताना बाहेर टाकते, काही अख्ख्या लेंड्यांतून जातात. जुने धनगर वाड्याखालचं बी गोळा करतात ते उगीच नाही. शेंगेतलं चांगलं प्रथिन बियांत असतं आणि टॅनिनचा मोठा वाटा बाहेरच्या सालीत. भरडलं की बी हाती लागतं, पण साल आणि बी एकत्र दळलं जातं. माझं मत : जाडसर भरडा, पीठ करू नका, आणि भरडा नुसता न देता आंबोणात मिसळून द्या.

६. शेंगांच्या रिपोर्टमध्ये प्रथिनं १३ टक्के आहेत, तरी करडं वाढत नाहीत. रिपोर्ट खोटा आहे का?

रिपोर्ट खोटा नाही, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारता आहात. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणून ‘कच्ची प्रथिनं’ लिहिते. त्या आकड्यात टॅनिननं बांधून टाकलेलं प्रथिनही येतं. यंत्राला ते दिसतं, करडाला ते मिळत नाही.

‘आम्ल धुलाईनंतर चोथ्यात राहिलेला नायट्रोजन’ अशी एक वेगळी तपासणी असते. ती मागितली तर घट्ट बांधलेल्या प्रथिनाचा अंदाज येतो. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या पशुपोषण विभागात विचारून पाहा. ते जमत नसेल तर सरळ उपाय : पाल्याच्या आणि शेंगांच्या प्रथिनाला कागदावरच्या किमतीला विकत घेऊ नका. १३ टक्के लिहिलेल्या शेंगा आणि तेवढ्याच प्रथिनाचा खुराक एकाच भावाचे धरलेत की फसाल.

७. काही जण म्हणतात टॅनिन ‘बायपास प्रोटीन’ (कोटीपोटात न फुटता पुढे जाणारं प्रथिन) बनवतं, म्हणजे चांगलंच की! खरं काय?

दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि निकाल गव्हाणीत आणखी काय पडलं आहे यावर लागतो.

चांगल्या दर्जाची, लवकर विरघळणारी प्रथिनं भरपूर असतील, उदाहरणार्थ शेंगदाणा पेंड किंवा हिरवागार लसूणघास, तर कोटीपोटातले जिवाणू ती झपाट्यानं फोडून अमोनिया करतात. जिवाणूंना वापरता येतो त्यापेक्षा जास्त अमोनिया रक्तात जातो, यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीतून निघून जातो. पेंडीचे पैसे गोठ्याच्या गटारीत. अशा वेळी थोडं टॅनिन प्रथिनाला कोटीपोटातून सुखरूप पार करतं. न्यूझीलंडमध्ये अशा चाऱ्यावर मेंढ्यांची लोकर वाढली, जुळी होण्याचं प्रमाणही सुधारलं.

आता दुसरं टोक : कडबा, वाळलेलं गवत, वर बाभळीचा पाला. इथे प्रथिनाचा आधीच दुष्काळ आहे. जिवाणूंना चोथा पचवायला अमोनिया लागतो, प्रति लिटर सुमारे ५० मिलिग्रॅम नायट्रोजन एवढा तरी, आणि टॅनिन तेवढंही सुटू देत नाही. मग कडबाही नीट पचत नाही. शेळी पोट भरून खाते आणि बरगड्या दिसतात.

आपल्याकडचे बहुतेक उन्हाळी गोठे दुसऱ्या टोकाला असतात. म्हणून ‘टॅनिनमुळे दूध वाढतं’ या जाहिरातीवर मी सहसा नाक मुरडतो.

८. शेंगांबरोबर युरिया दिला तर भरून निघेल का?

तत्त्वतः थोडं. टॅनिन प्रथिनाला धरतं, युरियाला तसं धरत नाही, म्हणून जिवाणूंना अमोनिया मिळतो. पण शेळ्यांच्या गोठ्यात युरिया हा हातघाईचा उपाय नव्हे. खुराकाच्या एक टक्क्यापेक्षा जास्त नको, खुराकात एकसारखा मिसळलेला हवा, पाण्यात विरघळवून कधीच नाही, आणि करडांना तर अजिबात नाही. सोबत धान्य किंवा गूळ यासारखी ऊर्जा लागते, नुसत्या कडब्यावर युरिया टाकून उपयोग नाही. दोन मुठी पेंड परवडत असेल तर युरियाच्या नादी लागू नका.

९. ज्वारी स्वस्त मिळते आहे. कोंबड्यांना लाल ज्वारी चालेल का? टॅनिन असतं म्हणतात.

रंगावर जाऊ नका. ज्वारीतलं टॅनिन दाण्याच्या बाहेरच्या सालीखाली असलेल्या एका गडद थरात असतं. तो थर असेल तरच टॅनिन. लाल साल असूनही थर नसलेल्या जाती आहेत. आपली मंगळवेढ्याची मालदांडी, आणि महाराष्ट्रात खाण्यासाठी पिकणारी बहुतेक पांढरी ज्वारी, या दृष्टीनं निर्धोक आहे. जास्त टॅनिनची ज्वारी मुख्यतः आफ्रिकेत, पाखरांचा त्रास कमी व्हावा म्हणून लावली जाते. पाखरं तुरट दाणा टाळतात.

कोंबडीला कोटीपोट नाही, त्यामुळे प्रश्न ७ मधली चांगली बाजू तिच्या वाट्याला येतच नाही. जास्त टॅनिनच्या ज्वारीवर प्रथिनं कमी पचतात, वाढ मंदावते, पिल्लांच्या पायात दोष दिसतात. खाद्यात मेथिओनिन (प्रथिनातलं एक अमिनो आम्ल) वाढवल्यावर काही अंशी सुधारणा होते.

खरीप ज्वारी पावसात सापडून काळी पडते, ती वेगळी गोष्ट. ते काळेपण बुरशीचं आहे, टॅनिनचं नाही, आणि बुरशीचा धोका जास्त गंभीर. असा माल स्वस्त म्हणून घेऊ नका.

१०. घरी तपासता येतं का?

ज्वारीसाठी येतं. दाण्याची साल नखानं किंवा ब्लेडनं खरवडा. खाली तपकिरी थर दिसला तर संशय घ्या. खात्रीची पद्धत ब्लीचची : दाणे धुण्याचं ब्लीच आणि थोड्या कॉस्टिक सोड्यात २० मिनिटं ठेवले की गडद थराचे दाणे काळे पडतात, बाकीचे फिके राहतात. हातमोजे घाला, उघड्यावर करा, मुलांना लांब ठेवा.

पाल्यासाठी आणि शेंगांसाठी जुनी युक्ती आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र केले की काळी शाई होते, हे आजोबांच्या पिढीला माहीत होतं. टॅनिन लोखंडाशी मिळून काळं होतं. शेंगा कुटून पाण्यात उकळा, गाळा, त्यात हिराकशीचं पाणी टाका. निळसर काळं किंवा हिरवट काळं झालं की टॅनिनवर्गीय पदार्थ आहेत. किती आहेत ते यातून कळत नाही, आणि तपासलेलं पाणी जनावरापुढे ठेवू नका.

११. टॅनिन कमी करायचं कसं?

परवडणारा पहिला उपाय मिसळण्याचाच : पाला दोन-तीन झाडांचा, शेंगा मोजून (प्रश्न ५). यापेक्षा स्वस्त काहीही नाही.

सावलीत किंवा उन्हात वाळवल्यानं विरघळणारं टॅनिन काही प्रमाणात घटतं. मात्र त्यातलं थोडं पानातल्या प्रथिनाला जास्तच घट्ट बसलेलं असू शकतं, तेव्हा आकडा कमी झाला म्हणून फार हुरळू नका. भिजवल्यानं टॅनिन पाण्यात उतरतं, पण साखर आणि क्षारही उतरतात. ते पाणी ओतून द्यावं लागतं, आणि उन्हाळ्यात पाणी ओतायला कुणाकडे आहे?

लाकडाच्या राखेचं पाणी अल्कधर्मी असतं आणि टॅनिन निकामी करतं. हिमालयातल्या बांज ओकच्या पाल्यावर भारतात यावर काम झालेलं आहे. पद्धत चालते, पण नंतर धुणं आणि वाळवणं एवढं काम वाढतं की मोठ्या कळपाला झेपत नाही. पॉलिथिलीन ग्लायकॉल नावाचा पदार्थ टॅनिनला प्रथिनापेक्षा आधी पकडतो. संशोधनात तो सर्रास वापरतात, शेळीपालकाच्या खिशाला जड जातो.

टरफल काढणं हा उपाय धान्यासाठी सगळ्यात चांगला (प्रश्न १२).

१२. चिंचोके, आंब्याच्या कोयी, काजूची साल, हुलगा, तूरचुणी... यांतही टॅनिन असतं का?

असतं, आणि जवळपास प्रत्येक वेळी सालीत. चिंचोक्याचं तपकिरी टरफल टॅनिननं भरलेलं आहे, आतला पांढरा गर नाही. भाजून टरफल काढलं तर चांगला खुराक. हुलग्याचंही तसंच. बैलांना हुलगा भिजवून-शिजवून देण्याची जुनी रीत शहाणपणाची आहे, पाणी टाकून दिलं तर आणखी बरं. तूरचुणीत सालीचा भाग किती यावर ठरतं. चुणी काळपट आणि भुशासारखी हलकी लागली तर भाव पाडून मागा.

आंब्याच्या कोयींबद्दल कोकण आणि गोव्यातून दरवर्षी विचारणा होते. कवच फोडून आतला गर वाळवायचा. त्यात पिष्ट भरपूर, प्रथिनं बेताची, टॅनिन बऱ्यापैकी. म्हणून तो धान्याची जागा घेतो, पेंडीची नाही. खुराकाच्या दहा टक्क्यांपर्यंत ठेवा. आणि ओल्या कोयींचं पोतं बांधून ठेवू नका. मी एकदा ठेवलं होतं, चौथ्या दिवशी बुरशीनं पांढरं झालेलं पोतं खड्ड्यात टाकावं लागलं.

काजूगराची लाल साल फार तुरट. थोडी मिसळ म्हणून ठीक, मुख्य खाद्य म्हणून नाही.

सरकीबद्दलही हाच प्रश्न येतो. तिथे चिंता टॅनिनची नसून गॉसिपॉल या सरकीतल्या विषारी द्रव्याची असते. तो वेगळा विषय आहे.

१३. टॅनिननं जनावर मरू शकतं का?

साध्या चराईत सहसा नाही. मरतात ती एकाच गोष्टीवर उपाशीपोटी तुटून पडलेली जनावरं. युरोप-अमेरिकेत ओकची कोवळी पानं आणि फळं पोटभर खाऊन गुरं मरतात. त्यातलं जलविघटनी टॅनिन कोटीपोटात फुटून तयार होणारे पदार्थ रक्तात जातात आणि मूत्रपिंडं खराब होतात. आधी बद्धकोष्ठ, मग काळपट पातळ शेण, तहान वाढणं, पुढे सूज. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकात कुंपणात अडकलेले कुडू हरणं मोठ्या संख्येनं मेली, तेव्हाही संशय बाभळींच्या टॅनिनवर घेतला गेला. झाड तेच, पण दुसरीकडे जायची वाट बंद.

भीमाशंकर, जुन्नर, आंबेगाव भागात बाळहिरडा वाळत घातलेला असतो. पोत्याला तोंड लागणार नाही एवढी काळजी घ्या. वरची लक्षणं दिसली तर खाद्य बदला आणि लगेच पशुवैद्यांना बोलवा, घरगुती काढे नकोत. अनेक काढ्यांत हिरडा-बेहडाच असतो.

१४. वेडी बाभूळ आणि सुबाभूळ, यांचंही कारण टॅनिनच ना?

नाही, आणि ही गल्लत महाग पडते. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, तुरट नाहीत. नुसत्या त्याच शेंगा दीर्घकाळ दिल्या तर गुरांच्या जबड्याच्या स्नायूंवर परिणाम होतो, चावणं बिघडतं. त्याला वेगळे अल्कलॉइड (झाडातली विषारी द्रव्यं) जबाबदार आहेत. सुबाभळीत टॅनिन थोडं असतं, पण मुख्य अडचण मिमोसिन या विषारी द्रव्याची : केस गळणं, थायरॉइड वाढणं. तो पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवतात. प्रश्न ५ मधली मात्रा फक्त देशी बाभळीसाठी आहे, ती या दोघांना लावू नका.

१५. लसूणघासानं पोट फुगतं. त्याबरोबर बाभळीचा पाला दिला तर?

युक्ती शास्त्राला धरून आहे. लसूणघासातली विरघळणारी प्रथिनं कोटीपोटात फेस धरून ठेवतात, आणि लसूणघासाच्या पानांत टॅनिन जवळजवळ नसतं. टॅनिनवाला पाला ती प्रथिनं खाली बसवतो, फेस मोडतो. आधी पाला आणि कोरडा चारा, मग कोमेजवलेला लसूणघास, हा क्रम ठेवा. फुगलेल्या जनावराला मात्र पाला भरवत बसू नका, ते तातडीचं काम आहे.

१६. जंतांवर चालतं का? औषध बंद करू?

बंद करू नका. संघनित टॅनिनच्या चाऱ्यावर ठेवलेल्या शेळ्यांत, जठरातलं रक्त पिणाऱ्या जंतांची अंडी कमी झाल्याचे प्रयोग अमेरिकेत लेस्पेडेझा या चाऱ्यावर झाले आहेत. परिणाम झाडानुसार बदलतो. लेंड्या तपासून घ्या आणि गरज असेल तिलाच औषध द्या, हे केलं तर पाला मदतीला येईल.

१७. मिथेन (ढेकरेवाटे निघणारा कोटीपोटातला वायू) कमी करण्यासाठी टॅनिनचं खाद्य निघालं आहे म्हणे?

बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं ‘हरित धारा’ नावाचं टॅनिनयुक्त वनस्पतींपासूनचं पूरक तयार केलं आहे. मिथेन १७ ते २० टक्के घटतं असं संस्थेचं म्हणणं. भरपूर खुराक खाणाऱ्या गायी-म्हशींत ते शोभतं. कडब्यावरच्या जनावराला आधी प्रथिनं द्या (प्रश्न ७).

१८. दूध पिणाऱ्या करडांनी पाला चघळला तर?

चघळू द्या. मूठभर पाल्यानं कोटीपोट तयार व्हायला मदत होते. पण दूध थेट चौथ्या पोटात जातं आणि रवंथ नीट सुरू झालेलं नसतं, त्यामुळे या वयात करडू पचनाच्या बाबतीत शेळीपेक्षा कोंबडीच्या जवळचं असतं. शेंगांचा भरडा तीन महिन्यांच्या आत नको.